डेकू आणि बाकुगो: बालपणीच्या वैराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘माय हिरो ॲकॅडेमिया’ पाहणाऱ्या माणसाशी गप्पा सुरू झाल्या, की फार तर पाच मिनिटांत गाडी इझुकू मिदोरिया (म्हणजेच डेकू) आणि कात्सुकी बाकुगो यांच्यावर येते. मालिकेत डझनभर खलनायक आहेत, मोठमोठी युद्धं आहेत, पण लोक रात्र रात्र वाद घालतात ते या दोन पोरांवरून. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. कथा शेवटापर्यंत उघड केली आहे. मालिका अजून पाहायची असेल तर शेवटच्या प्रश्नाकडे जा आणि बाकीचं नंतर वाचा.

हे दोघं कोण, आणि मालिका कुणाची?

कोहेई होरिकोशी यांचा हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात जुलै २०१४ ते ऑगस्ट २०२४ अशी दहा वर्षं चालला. ४३० प्रकरणं झाली, पुस्तकरूपात ४२ खंड. ‘बोन्स’ या स्टुडिओने केलेला ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला आणि आठवा, शेवटचा सीझन २०२५ च्या अखेरीस संपला.

कथेतल्या जगात सुमारे ८० टक्के लोकांकडे जन्मजात काहीतरी शक्ती असते. तिला इंग्रजी आवृत्तीत ‘क्वर्क’ म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. बाकुगोचा क्वर्क स्फोटाचा. त्याच्या तळहातांना येणारा घाम नायट्रोग्लिसरीनसारखा असतो आणि बाकुगो तो मनात येईल तेव्हा पेटवतो. मिदोरियाकडे क्वर्कच नाही. चार वर्षांचा असताना डॉक्टर त्याच्या पायाच्या करंगळीचा एक्स-रे दाखवून तसं सांगतात. दोघं एकाच वस्तीत वाढलेले, एकाच शाळेत शिकलेले, आणि दोघांचाही देव एकच: ऑल माइट, पहिल्या क्रमांकाचा नायक.

लहानपणी त्यांची मैत्री होती का?

होती म्हणायला हरकत नाही, पण बरोबरीची नव्हती. बाकुगो टोळीचा म्होरक्या. सगळं त्याला पहिल्या झटक्यात जमायचं, आणि मिदोरिया त्याच्या मागे मागे कौतुकाने फिरायचा. तो त्याला ‘कात्चान’ म्हणतो. मोठा झाल्यावर, मार खाल्ल्यावर, युद्धातसुद्धा तो ही लाडाची हाक सोडत नाही.

फूट पडते ती एका अगदी साध्या प्रसंगाने. पोरं ओढ्यावरच्या ओंडक्यावरून चाललेली असतात. बाकुगोचा पाय घसरतो, तो खाली पाण्यात पडतो. त्याला काहीही लागलेलं नसतं. बाकीची मुलं वरूनच म्हणतात, कात्सुकीला काय होणार! एकटा मिदोरिया पाण्यात उतरतो, हात पुढे करतो आणि विचारतो, उभा राहू शकतोस ना? डोक्याला लागलं असतं तर? बस, एवढंच.

मग एवढ्याशा गोष्टीवरून बाकुगो त्याला इतका पाण्यात का पाहतो?

कारण त्या वयापर्यंत बाकुगोला कुणी कधी हात दिलेलाच नव्हता. द्यायची वेळच आली नव्हती. शेजारीपाजारी, शिक्षक, सवंगडी सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलेलं. त्याची आई मित्सुकी पुढे तिसऱ्या सीझनमध्ये त्याच्या शिक्षकांना स्वतःच सांगते, की याला सगळं आपसूक जमत गेलं, लोक नुसती स्तुती करत गेले, आणि हा तसाच वाढला. अशा मुलाकडे सगळ्यांत दुबळा मुलगा काळजीने पाहतो, तेव्हा त्याला त्यात काळजी दिसत नाही. त्याला वाटतं, हा मला कमी लेखतोय.

पुढे होरिकोशी या गोष्टीचा आणखी एक पदर उलगडतात, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सहाव्या सीझनमध्ये बाकुगो ऑल माइटशी बोलताना कबूल करतो, की डेकू स्वतःला हिशेबातच धरत नाही आणि ते पाहून त्याला लहानपणापासून कसंतरी व्हायचं. अंगात शक्ती नाही, जीव जाईल याची भीती नाही, आणि तरी दुसऱ्यासाठी धावायचं. हे त्याला समजेना. जे समजत नाही ते दूर ढकलायचं, म्हणून त्याने त्याला छळलं. म्हणजे हा निव्वळ गर्व नव्हता, त्यात भीतीही होती. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडे आपल्याकडे नसलेलं काहीतरी आहे, हे त्याला फार लवकर कळलं होतं आणि ते त्याला कधीच मान्य करायचं नव्हतं.

‘डेकू’ ही शिवी आहे का?

सुरुवातीला होय. मिदोरियाच्या नावाची अक्षरं तशीही वाचता येतात, आणि जपानीत त्याचा अर्थ निकामी लाकडी बाहुला असा लागतो. बाकुगोने ते नाव चिकटवलं. पुढे यू.ए. या नायक घडवणाऱ्या हायस्कूलमध्ये वर्गमैत्रीण ओचाको उरारका सहज म्हणून जाते की मला ते ‘जमेल, कर!’ असं ऐकू येतं, आणि पुढे तो तेच आपलं नायकाचं नाव करतो. बाकुगोची शिवी त्याच्याच कानावर कौतुक होऊन पडू लागते.

पहिल्याच भागात बाकुगो जे बोलतो ते फारच वाईट आहे. मुलांना दाखवावं का?

वाईटच आहे, त्यात सारवासारव नको. तो मिदोरियाची तेराव्या क्रमांकाची वही, ज्यात त्याने नायकांची बारीकसारीक टिपणं काढलेली असतात, स्फोटाने जाळतो आणि खिडकीबाहेर फेकतो. वर म्हणतो, पुढच्या जन्मी क्वर्क मिळेल अशी आशा धर आणि छतावरून उडी मार. चौदा वर्षांचा मुलगा दुसऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला हे सांगतो.

माझं मत असं, की बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना दाखवायला हरकत नाही, पण हा भाग त्यांच्यासोबत बसून पाहा. ‘तुझ्या वर्गात कुणी कुणाला असं बोलतं का?’ हा प्रश्न विचारायला याहून चांगली संधी मिळणार नाही. मालिका ते वाक्य गमतीवारी नेत नाही. मिदोरिया मनात म्हणतो, मी खरंच उडी मारली असती तर, विचार करून बोल की! आणि मग तो खाली जाऊन माशांच्या हौदात पडलेली ती भिजलेली वही उचलतो.

त्याच दिवशी तो बाकुगोला वाचवायला का धावतो? असल्या मुलासाठी जीव का घालायचा?

चिखलासारखा एक खलनायक बाकुगोला गिळू पाहतो. आसपास पगारी, परवानाधारक नायक उभे आहेत आणि प्रत्येक जण म्हणतोय, माझा क्वर्क इथे उपयोगाचा नाही, दुसरा कुणीतरी येईल. गर्दीतून मिदोरिया सुटतो. का, ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तो एवढंच म्हणतो, की तुझा चेहरा मदत मागत होता.

या वाक्याने त्याच्या आयुष्याचं सोनं होतं, कारण ऑल माइट ते ऐकतो आणि आपली ‘वन फॉर ऑल’ ही शक्ती त्याला द्यायचं ठरवतो. पण तेच वाक्य बाकुगोच्या मनात सलत राहतं. ओढ्यातला तोच हात पुन्हा आला, आणि या वेळी अख्ख्या शहरादेखत. तो मिदोरियाला गाठून ओरडतो, मी तुझी मदत मागितली नव्हती, मी एकटाच पुरेसा होतो. आभार मानणं सोडाच, त्याचं वैर इथून आणखी कडवट होतं.

पहिली खरी लढत कोणती? तिच्यात एवढं काय आहे?

पहिल्या सीझनचे भाग ६ ते ८. यू.ए.मध्ये आल्यावर दुसऱ्याच दिवशीचा सराव: एका इमारतीत खलनायकांच्या जोडीने नकली बॉम्ब राखायचा, नायकांच्या जोडीने तो ताब्यात घ्यायचा. बाकुगो आणि वर्गमित्र इइदा खलनायक, मिदोरिया आणि उरारका नायक.

बाकुगो बॉम्ब सोडून थेट मिदोरियावर येतो. इथला एक क्षण नीट पाहा. तो उजवा हात मोठा वळसा घेऊन फिरवतो आणि मिदोरिया आधीच आत घुसून तोच हात धरून त्याला जमिनीवर आपटतो. कारण कात्चान पहिला वार नेहमी उजव्या हाताने करतो हे त्याने वर्षानुवर्षं पाहून वहीत लिहून ठेवलेलं आहे. जी वही बाकुगोने जाळली, तीच इथे त्याला आडवा करते. छळणाऱ्याने ज्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही, त्याने मात्र छळणाऱ्याचा कण न् कण पाहून ठेवला होता.

शेवटी मिदोरियाची जोडी जिंकते, पण अंगाची पार वाताहत होते. बाकुगोला साधा ओरखडा नाही आणि तरी तो हरलेला. संध्याकाळी मिदोरिया त्याला गाठतो आणि, गुपित फोडायला नको होतं तरी, सांगून टाकतो की ही शक्ती मला दुसऱ्या कुणाकडून मिळाली आहे, ती अजून माझी झालेली नाही. बाकुगोला ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की आपण आज हरलो, आणि वर्गात आपल्याहून सरस मुलं आहेत. डोळ्यांत पाणी घेऊन तो म्हणतो, इथून पुढे मी पहिला येणार. त्याला आपण पहिल्यांदा रडताना पाहतो ते इथे.

ऑल माइटचा या वैराशी नेमका काय संबंध?

सगळाच. दोघांनी लहानपणी एकाच माणसाला पाहिलं, पण वेगवेगळ्या गोष्टी घेतल्या. मिदोरियाला आवडला तो हसत हसत लोकांना वाचवणारा ऑल माइट. बाकुगोला आवडला तो काहीही झालं तरी शेवटी जिंकणारा. प्रवेश परीक्षेचे गुण पाहा: बाकुगोला यंत्रमानव पाडल्याचे ७७ आणि मदतीचे शून्य, मिदोरियाला पाडल्याचे शून्य आणि मदतीचे ६०. होरिकोशींनी चौथ्याच भागात अख्खी कथा दोन ओळींच्या गुणपत्रिकेत मांडून ठेवली आहे, आणि बहुतेक जण ती पाहून पुढे जातात.

बाकुगोला जिंकणं म्हणजे काय वाटतं, हे क्रीडा महोत्सवात दिसतं. अंतिम सामन्यात वर्गमित्र तोदोरोकी ऐन वेळी आपली आग विझवतो आणि बाकुगो जिंकतो. दुसऱ्या कुणी पदक मिरवलं असतं. याला विजयमंचावर साखळदंडांनी बांधून उभं करावं लागतं, कारण समोरच्याने पूर्ण ताकद लावली नाही तर तो विजय त्याला नकोच असतो.

तोदोरोकीसुद्धा डेकूचा प्रतिस्पर्धी आहे ना?

आहे, पण दोघांमध्ये जुना हिशेब नाही. ते एकमेकांशी कधीही मनमोकळं बोलू शकतात.

दोघांना एका जोडीत टाकलं होतं ते कशासाठी?

पहिल्या सत्राच्या शेवटच्या परीक्षेत शिक्षक मुद्दाम त्यांना एकत्र टाकतात आणि समोर उभा करतात ऑल माइट. बाकुगो म्हणतो, तुझी मदत घेऊन जिंकण्यापेक्षा हरलेलं बरं. आणि इथे मिदोरिया त्याला ठोसा मारतो. मालिकेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या ठोशांपैकी हा एक. तो चिडतो ते स्वतःच्या अपमानाने नाही. हरलेलं बरं असं कात्चानच्या तोंडून ऐकवत नाही म्हणून चिडतो. ज्याला तो लहानपणापासून जिंकण्याची मूर्ती मानत आला, त्याने असं बोलूच कसं?

त्यानंतर बाकुगो आपलं हातातलं स्फोटाचं चिलखत त्याला वापरायला देतो, आणि शेवटी बेशुद्ध बाकुगोला उचलून मिदोरियाच फाटकातून बाहेर काढतो. दुसऱ्या सीझनच्या अखेरीचा हा भाग (३७) लोक उगाच वगळतात.

कामिनो प्रकरणात डेकू स्वतः हात का पुढे करत नाही?

उन्हाळी शिबिरातून खलनायक बाकुगोला पळवून नेतात. त्यांना वाटतं, एवढा रागीट पोरगा आपल्यात येईल. तो अर्थातच येत नाही. कामिनो या शहरी भागात ऑल माइट आणि ऑल फॉर वन हा महाखलनायक यांची झुंज सुरू असताना पाच वर्गमित्र जवळच लपलेले असतात. बाकुगोला तिथून काढलं तरच ऑल माइट मोकळेपणी लढू शकेल.

योजना मिदोरियाची. किरिशिमाने भिंत फोडायची, तोदोरोकीने बर्फाचा उतार करायचा, इइदा आणि त्याने वेग द्यायचा, आणि किरिशिमासह तिघांनी शत्रूच्या डोक्यावरून उंच उडायचं. हाक कुणी मारायची? तो म्हणतो, मी हात पुढे केला तर कात्चान धरणार नाही. किरिशिमाने करावा, त्याने इतक्या दिवसांत त्याच्याशी बरोबरीची मैत्री जोडली आहे. किरिशिमा वरून ‘ये!’ म्हणून ओरडतो, बाकुगो स्फोट करून झेपावतो आणि त्याचा हात धरतो.

मित्राला वाचवताना ‘मीच वाचवलं पाहिजे’ हा हट्ट सोडणं हे किती अवघड आहे! पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने ते ओळखलं. ओढ्यातल्या प्रसंगापासून तो एवढं शिकला होता, की हात कुणाचा आहे यालाही अर्थ असतो.

दुसरी लढत, म्हणजे ‘डेकू विरुद्ध कात्चान भाग २’, एवढी का गाजली?

एकसष्टावा भाग. मला विचाराल तर मालिकेचं काळीज इथे आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

नायकांच्या परवाना परीक्षेचा दिवस. मिदोरिया पास होतो, बाकुगो नापास. कारण जखमींचं सोंग घेतलेल्या लोकांना तो ‘स्वतःचं स्वतः बघा’ म्हणून हाकलतो. त्याच रात्री तो मिदोरियाला वसतिगृहातून बाहेर काढतो आणि पहिली लढत जिथे झाली होती त्याच मैदानात नेतो. तोवर त्याने गुपित एकट्याने उलगडलेलं असतं. ऑल फॉर वन शक्ती काढून घेऊ शकतो आणि देऊ शकतो. ऑल माइट डेकूला भेटल्यानंतर क्षीण होत गेला. कामिनोत त्याने कॅमेऱ्याकडे बोट करून ‘आता तुझी पाळी’ म्हटलं तेव्हा डेकू इतरांपेक्षा वेगळ्याच कारणाने रडला. बाकुगोला लोक नुसता तापट समजतात. वर्गातल्या सर्वांत तल्लख मुलांपैकी तो आहे हे अशा वेळी दिसतं.

मग तो म्हणतो, लढ. मिदोरिया आधी टाळतो, शिक्षकांना सांगू म्हणतो. आणि बाकुगोच्या तोंडून ते बाहेर पडतं, जे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही: मी बळकट असतो, मी पकडला गेलो नसतो, तर ऑल माइटचा असा शेवट झाला नसता. ऑल माइटला संपवणारा मीच का ठरलो? रोज हा विचार येतो आणि कुणाला सांगायची सोय नाही, कारण तेही गुपितच.

मिदोरियाला तेव्हा कळतं, की हे ऐकून घेऊ शकणारा जगात आपण एकटेच आहोत. तो लढायला उभा राहतो, पण नुसता मार खायला नाही, आणि तसं बजावतोही. पुढची काही मिनिटं ॲनिमेशनमध्ये जे काही घडतं ते कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही: अंधार, स्फोटांचा उजेड, मिदोरियाच्या लाथा, आणि मध्येमध्ये लहान असलेले ते दोघं, ऑल माइटची कार्डं फोडताना हरखलेले. बाकुगो जिंकतो. जिंकूनही त्याचा चेहरा हरल्यासारखा असतो.

ऑल माइट येतो आणि त्याला जवळ घेतो. म्हणतो, मी असाही संपणारच होतो, तो दोष तुझा नाही. तू एवढा समर्थ आहेस म्हणून तुझ्याकडे पाहायचं राहून गेलं. तूही पोरच आहेस. मग तो दोघांना सांगतो, की जिंकण्याचा ध्यास आणि वाचवण्याची तळमळ, दोन्ही लागतात. एकमेकांना मान्य करा आणि एकमेकांकडून ते घ्या, म्हणजे वाचवून जिंकणारे आणि जिंकून वाचवणारे व्हाल. त्या रात्रीपासून बाकुगो त्या गुपिताचा वाटेकरी होतो.

आयझावा सर अर्थातच शिक्षा करतात: बाकुगोला चार दिवस आणि मिदोरियाला तीन दिवस खोलीबंदी, वर वसतिगृहाची झाडलोट.

दोघांमध्ये जास्त बलवान कोण?

वन फॉर ऑल पूर्ण हाताळता येऊ लागल्यावर मिदोरिया. कौशल्यात आणि लढताना डोकं चालवण्यात बाकुगो बराच काळ पुढे.

बाकुगो नेमका कधी बदलतो?

एका दिवसात नाही, आणि हेच मला होरिकोशींचं मोठं काम वाटतं. दुसऱ्या लढतीनंतर तो मिदोरियाच्या सरावात मदत करू लागतो, ओरडत का होईना. पाचव्या सीझनमधल्या वर्गांच्या सामन्यात त्याचा संघ एकही गडी न गमावता ४-० ने जिंकतो, आणि तिथे तो साथीदारांना वाचवतही जिंकतो. पण वळण कळतं ते युद्धात. खलनायक शिगाराकीच्या शरीरातून निघालेले टोकदार काटे हवेत अडकलेल्या मिदोरियाकडे येतात आणि बाकुगो त्याला ढकलून ते स्वतःच्या अंगावर घेतो. विचार करायला वेळ नव्हता. शरीर आपोआप हललं.

ऑल माइटने अगदी सुरुवातीला मिदोरियाला सांगितलेलं असतं, की थोर नायकांच्या गोष्टीत हे वाक्य हटकून येतं: विचार करण्याआधीच शरीर हललं होतं. चिखलाच्या खलनायकाकडे मिदोरिया धावला होता तेव्हा असंच झालं होतं. तेच आता बाकुगोच्या वाट्याला येतं, तेही ज्याला तो तुच्छ मानत होता त्याच्यासाठी. सहाव्या सीझनचा हा नववा भाग आहे आणि त्याच्या नावातच बाकुगोचं नाव आहे.

तो माफी कधी मागतो? काय म्हणतो?

मांगात ३२२वं प्रकरण, ॲनिमेत १३६वा भाग. युद्धानंतर मिदोरिया सगळ्यांना सोडून एकटा भटकत असतो. चिखलाने माखलेला, न झोपलेला, फाटक्या वेशात. आपल्याजवळ कुणी राहिलं तर ते मरतील, या भीतीने. अख्खा वर्ग त्याला शोधून पावसात गाठतो.

बाकुगो समोर येतो. आवाज चढवत नाही. तो म्हणतो, तुझ्याकडे क्वर्क नव्हता म्हणून तू माझ्या खाली असायला हवा होतास, पण मला वाटायचं की तू माझ्या पुढे आहेस. ते बघवत नव्हतं, मान्य होत नव्हतं, म्हणून तुला दूर ठेवलं, तुला छळत राहिलो. तुला नाकारून मी वर आहे असं दाखवत राहिलो आणि हरत राहिलो. यू.ए.मध्ये आल्यापासून काहीच मनासारखं झालं नाही. तुझी ताकद आणि माझा दुबळेपणा समजून घेत आलो. हे बोलून काही भरून निघेल असं नाही, पण हे मनातलं आहे. आणि मग पहिल्यांदा ‘डेकू’ नाही, त्याचं खरं नाव: इझुकू, आजवरच्या सगळ्याबद्दल माफ कर. तो मान खाली घालतो.

नोबुहिको ओकामोतो यांनी हे जे बोललं आहे, ते जपानी आवाजातच ऐका, सबटायटल्ससह. सहा सीझन घसा फोडून ओरडणारा आवाज इथे किती खाली येतो! मिदोरियाचा आवाज दाइकी यामाशिता यांचा. उत्तरात मिदोरिया स्वतःच माफी मागतो, की तुम्ही सगळे माझ्या मागे येऊ शकणार नाही असं बोललो. एवढं बोलून तो कोसळतो, आणि त्याला सावरतो बाकुगो.

माफी मागितली म्हणजे सगळं धुऊन निघालं का?

नाही, आणि बाकुगो स्वतः तसं म्हणत नाही. त्या माफीला किंमत आहे ती तिच्या आधीच्या गोष्टींमुळे: अपहरण, अपराधीपणा, नापास होणं, छातीवर झेललेले काटे. कृती आधी आली, शब्द नंतर.

ज्यांनी शाळेत असा छळ सोसला आहे, त्यांच्यापैकी काही जणांना बाकुगो कधीच आवडत नाही. त्यांना समजवायला जाऊ नका. पहिल्या भागातलं वाक्य ज्याने खरंच ऐकलं आहे, त्याला १३६ भागांनंतरची माफी पुरेशी वाटलीच पाहिजे असं नाही. मला ती खरी वाटते, कारण ती क्षमेची मागणी करत नाही. समोरच्याने काही द्यावं अशी तिच्यात अपेक्षाच नाही.

मिदोरियाची काहीच चूक नाही का?

छळात नाही. पण स्वतःला शून्य धरून दुसऱ्यासाठी तुटायचं ही त्याची खोड आईला रडवते, शिक्षकांना घाबरवते आणि शेवटी त्याला एकटं पाडते. हे सर्वांत आधी ओळखलं बाकुगोने. त्यावर उपायही तोच सांगतो: तू जिथे पुरा पडणार नाहीस तिथे आम्ही आहोत. लहानपणी ज्याला मदतीचा हात सहन होत नव्हता तोच दुसऱ्याला मदत घे म्हणून सांगतो, यापेक्षा मोठा बदल मला दाखवता येणार नाही.

चित्रपटात डेकू आपली शक्ती बाकुगोला देतो ते खरं का?

खरं. २०१९ च्या ‘हिरोज रायझिंग’मध्ये नाबू बेटावर नाइन नावाच्या खलनायकाशी लढताना दुसरा मार्ग उरत नाही तेव्हा तो देतो. ती त्याच्याकडे परत राहते आणि बाकुगोला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून मुख्य कथेला धक्का लागत नाही.

शेवटी काय होतं?

सातव्या सीझनमध्ये शिगाराकी बाकुगोचं हृदय फोडतो. एजशॉट हा नायक स्वतःच्या शरीराचा बारीक धागा करून ते आतून शिवतो. आठव्या सीझनमध्ये बाकुगो उठतो आणि ऑल फॉर वनच्या हातून ऑल माइटला सोडवतो. ज्याच्यामुळे ऑल माइट संपला असं तो मानत होता, त्यालाच त्याने वाचवलं. त्या प्रसंगी मला फार मोठं समाधान मिळालं.

शिगाराकीला हरवताना मिदोरियाची वन फॉर ऑल जाते. उरतात ते विझत जाणारे निखारे. हे समजल्यावर बाकुगो रडतो. त्याला वाटलं होतं, आपण असंच आयुष्यभर एकमेकांच्या पुढे-मागे धावत राहू. ज्याची शक्ती त्याच्या डोळ्यांत खुपत होती, ती जाताना सर्वांत जास्त तोच रडतो.

आठ वर्षांनी मिदोरिया यू.ए.मध्ये शिक्षक आहे. एक दिवस ऑल माइट त्याला एक पेटी आणून देतो. आत नवीन यांत्रिक पोशाख, ज्याच्या जोरावर तो पुन्हा मैदानात उतरू शकेल. त्यासाठी पैसे उभे करण्यात बाकुगोने पुढाकार घेतला आणि जुन्या वर्गाने हातभार लावला.

मांगा वाचावा की ॲनिमे पाहावा?

दुसरी लढत आणि माफी ॲनिमेत. युकी हायाशी यांचं संगीत तिथे फार काम करतं. बाकुगोचे चेहरे मात्र होरिकोशींच्या रेषेत जास्त बोलतात, विशेषतः शेवटच्या खंडांत.

सगळे १७० भाग पाहायला वेळ नाही. या दोघांपुरतं काय पाहू?

१ आणि २, मग ६ ते ८. दुसऱ्या सीझनचा ३७. तिसऱ्यातले ४७ ते ४९ कामिनोसाठी, आणि ६० व ६१ एका बैठकीत. सहाव्या सीझनमधला १२२वा आणि १३६वा. त्यानंतर आठवा सीझन पूर्ण पाहा, अकराच भाग आहेत. आणि ६१वा भाग रात्री, कानाला हेडफोन लावून पाहा.